कोकरू फ्रिस्क करतं आणि सिक्युरिटीवालासुद्धा

यावेळी आलेले बरेचसे प्रश्न उड्या मारणाऱ्या इंग्रजी शब्दांचेच निघाले, का ते देव जाणे, बहुतेक पोरांच्या वर्कशीटमधून आलेत. नावं नेहमीसारखीच छापत नाही, फक्त एरिया देतेय. घणसोलीच्या ताईंच्या प्रश्नाला जागा जास्त गेलीये, बाकीच्यांनी रुसू नका.

प्रश्न (घणसोली): माझी मुलगी पाचवीत आहे. तिच्या इंग्रजीच्या वर्कशीटमध्ये "द लॅम्ब्स आर फ्रिस्किंग इन द मेडो" असं वाक्य होतं. मी सांगितलं, फ्रिस्क म्हणजे बागडणे. नंतर सुट्टीत आम्ही विमानानं गेलो तर एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या तिथे बायकांसाठी पडदा लावलेला असतो ना, त्याच्यावर फ्रिस्किंग लिहिलेलं, आणि लाइनमध्ये सगळ्यांसमोर ती मोठ्यानं म्हणाली, आई, आत बायका बागडतायत का? सगळे हसले. मी चुकीचं शिकवलं का? एकाच शब्दाचे असे दोन अर्थ कसे?

उत्तर: ताई, काहीही चुकीचं शिकवलं नाहीत, आणि पोरीचा प्रश्न तर एकदम रास्त आहे. शब्द एकच आहे. बागडणं हा आधीचा अर्थ आणि झडती हा नंतर चिकटलेला.

जुन्या फ्रेंचमध्ये फ्रिस्क नावाचं विशेषण होतं, अर्थ चपळ, तरतरीत, खुशीत असलेला. ते सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत आलं आणि त्याचं क्रियापद झालं, अंगात आलेल्या आनंदानं इकडून तिकडे उड्या मारत सुटणं. इंग्लंडात मेंढ्या मुख्यतः मार्च-एप्रिलच्या आसपास वितात, थंडी संपून गवत हिरवं व्हायला लागलेलं असतं आणि त्याच वेळी कुरणभर कोकरं उधळत असतात, म्हणून तिकडच्या पोरांच्या पुस्तकात वसंत आला की कोकरू आलं आणि कोकरू आलं की फ्रिस्क आलंच. आपल्याकडे पोरांना कोकरू चित्रातच दिसतं. येऊरच्या पाड्यांवर करडं मात्र दिसतात, कधी गेलात तर थांबून बघा. करडू सरळ पळतच नाही, उभ्या जागेवरून चारही पाय एकदम उचलून बाजूला उडी मारतं, खाली येताना अंग वळवतं, दोन पावलं पळतं, थबकतं, कोणी बघतंय का असं बघितल्यासारखं करतं की परत उडी. का पळतंय याला काही कारण नसतं. कुत्रा मागे लागला म्हणून पळालं तर ते फ्रिस्क नाही, आई दिसली म्हणून धावत सुटलं तर तेही नाही. उगाच, मजेत, तुटक तुटक आणि हलक्या अंगानं जे चाललेलं असतं ते फ्रिस्क. गोठ्यातून सोडलेलं वासरू शेपूट उभारून अंगणात चार चकरा मारतं ना, तेही ह्यातच.

आता झडती. हा अर्थ अठराव्या शतकाच्या शेवटाकडे दिसायला लागतो आणि आला तो चोरांच्या बोलीतून. तेव्हाच्या लंडनमधल्या खिसेकापूंची स्वतःची एक भाषाच होती, त्यात एखाद्याच्या अंगावरून भराभर हात फिरवून काय काय आहे ते बघायचं याला फ्रिस्क म्हणायला लागले. उड्या आणि झडतीचा संबंध काय, तर हातांची ती चपळ, इथे टेकला न टेकला की तिथे गेला अशी हालचाल, असं सांगितलं जातं, आणि एअरपोर्टवर ते मशीन अंगावरून फिरताना बघितलं की पटतंही. खांदा, बगल, कंबर, खिसा, पोटरी, कुठे थांबणं म्हणून नाही, पट्ट्याच्या बकलाशी मशीन किंचाळलं तरच हात रेंगाळतो. आधी चोर लोकांना फ्रिस्क करायचे आणि मग पोलीस चोरांना करायला लागले. पोलिसांची आणि चोरांची बोली एकमेकांत मिसळते हे आपल्याकडेही आहेच की.

आपल्या रोजच्या बोलण्यात हा शब्द इतका कसा मुरला म्हणाल तर २००८ च्या २६/११ नंतर. त्याआधी मॉलमध्ये सरळ चालत आत जायचो. मग दारात ती लोखंडी चौकट आली, हातात मशीन घेतलेला माणूस आला, बायकांसाठी वेगळी लाइन आली, आणि आता सीवूड्स असो की वाशी, शाळकरी पोरंही मॉलच्या दारात न सांगता हात पसरून उभी राहतात.

आता पोरीला कसं समजवायचं ते सांगते, शाळेतलं सकर्मक-अकर्मक आठवतंय ना, तेवढंच लागतं. कोकरू फ्रिस्क करतंय म्हटल्यावर "कोणाला?" असं विचारता येत नाही. ते आपलं आपण करतंय. अकर्मक. ऑफिसर फ्रिस्क करतोय म्हटल्यावर लगेच विचारता येतं, कोणाला? प्रवाशाला. सकर्मक. बागडण्याच्या फ्रिस्कला कर्म नसतं, त्याच्या मागे बहुतेक वेळा अबाउट किंवा अराउंड असं शेपूट असतं, द पपीज फ्रिस्क्ड अबाउट इन द गार्डन. झडतीच्या फ्रिस्कला माणूस लागतोच.

आणि इथेच आपली मराठी माणसं घसरतात. आपण मराठीत म्हणतो "माझं फ्रिस्किंग झालं", ते ठीक, मराठीत चालून जातं. पण तेच डोक्यात ठेवून कोणीतरी ऑफिसच्या मेलमध्ये लिहितो, सॉरी आय ॲम लेट, आय फ्रिस्क्ड ॲट द एअरपोर्ट. म्हणजे साहेबांना कळवलं की मी एअरपोर्टवर बागडत होतो म्हणून उशीर झाला. आय वॉज फ्रिस्क्ड असं पाहिजे. ते वॉज खाऊ नका.

झडती म्हटलं की सर्च आणि फ्रिस्क हेही वेगळे, हे लॉ करणाऱ्या पोरांसाठी. फ्रिस्क म्हणजे कपड्यांवरून, वरून वरून चाचपणं. सर्च म्हणजे खिशात हात, बॅगेची चेन उघडून आतलं बाहेर. अमेरिकेत ह्या फरकावर मोठा कायदाच उभा आहे, १९६८ च्या टेरी विरुद्ध ओहायो या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की माणसाजवळ हत्यार असावं असा रास्त संशय असेल तर पोलीस त्याला अटक न करताही थांबवून वरून चाचपू शकतात, त्यालाच स्टॉप अँड फ्रिस्क म्हणतात, आणि न्यूयॉर्कमध्ये ते ज्या पद्धतीनं राबवलं गेलं ते घटनाबाह्य आहे असा निकाल तिथल्या फेडरल कोर्टानं २०१३ मध्ये दिला. आपल्याकडे कायद्यात झडती हाच शब्द. अटक केलेल्या बाईची झडती बाईनंच घ्यायची आणि सभ्यतेचं पूर्ण भान ठेवून घ्यायची, हे आधी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९ मध्ये आहे. तुमच्या लेकीला दिसलेला तो पडदाही त्याच विचारातला. मराठी पेपरात मात्र अंगझडती. "संशयिताची अंगझडती घेतली असता" हे वाक्य तर क्राइमच्या बातमीत वर्षानुवर्षं जसंच्या तसं येतंय, पुढे फक्त काय सापडलं तेवढं बदलतं.

एक जाता जाता. फ्रिस्की हे विशेषण जपून. घोडा, पिल्लू, मांजर फ्रिस्की असलं तर मस्त, मांजराच्या एका खाण्याच्या ब्रँडचं नावही फ्रिस्कीज आहे. पण मोठ्या माणसाला फ्रिस्की म्हटलं की त्याला लाडीगोडीचा, बेडरूमचा वास येतो. सासऱ्यांची तब्येत सुधारली म्हणून फॅमिली ग्रुपवर "पपा इज फीलिंग फ्रिस्की टुडे" टाकायचं नाही. तिथे लाइव्हली किंवा चिअरफुल.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): डॉक्टरांनी रोज ब्रिस्क वॉकिंग सांगितलंय. आमच्या तलावपाळीच्या ग्रुपवर एक गृहस्थ रोज फ्रिस्क वॉकिंग लिहितात. मी म्हटलं चूक आहे, ते म्हणतात दोन्ही चालतं. कोण बरोबर?

उत्तर: काका, तुम्ही. ब्रिस्क म्हणजे भरभर, दमदार, कामाला लागल्यासारखं. मासुंद्याभोवती, म्हणजे तुमच्या तलावपाळीच्या तलावाभोवती, घड्याळ बघत, हात हलवत, कोणाशी न बोलता फेरी मारणं हे ब्रिस्क. फ्रिस्क हे विशेषण म्हणून आता कोणी वापरत नाही आणि क्रियापद म्हणून घेतलं तर तुमचे स्नेही रोज सकाळी मासुंद्याला उड्या मारतात असं होईल. भेळेच्या गाडीपाशी थांबत थांबत चालणाऱ्यांसाठी इंग्रजीत स्ट्रोल आहे, तो शब्द त्यांना सुचवा, भांडण मिटेल. किंवा वाढेल.

प्रश्न (खारघर): फ्रॉलिक लिहिताना शेवटी सी आहे, मग फ्रॉलिकिंग लिहिताना मध्येच के कुठून येतो? टीचरनं मार्क कापला पण कारण सांगितलं नाही.

उत्तर: कारण सोपं आहे आणि त्याच्या मागची गोष्ट मजेशीर आहे. इंग्रजीत सी नंतर आय किंवा ई आला की सीचा उच्चार स होतो, सिटी, सेंटर. म्हणजे के न घालता नुसतं आयएनजी लावलं तर वाचणारा फ्रॉलिसिंग वाचेल. तो स होऊ नये म्हणून मध्ये के उभा करतात. पिकनिक, पॅनिक, मिमिक, ट्रॅफिक सगळ्यांचं असंच. फ्रॉलिकसम मध्ये सी नंतर एस येतो, तिथे स होण्याची भीती नाही, म्हणून केही नाही. एवढं लक्षात ठेवलंस की पाठ काही करायला नको.

गोष्ट अशी की हा के बाहेरून आणलेला नाही, तो घरचाच होता. अठराव्या शतकात फ्रॉलिक, म्युझिक, पब्लिक हे शब्द शेवटी सी आणि के दोन्ही लावून लिहायचे. सॅम्युअल जॉन्सनचा १७५५ चा प्रसिद्ध शब्दकोश आहे त्यात असंच आहे. पुढे शेवटचा के गळत गेला, अमेरिकेत नोआ वेबस्टरनं आपल्या कोशातून त्याला ठरवून हाकलला. आयएनजी लागलं की तो जुना भाडेकरू परत येतो.

आणि ह्याच जॉन्सनचा एक किस्सा आहे, त्याच्या चरित्रकारानं, बॉस्वेलनं लिहून ठेवलाय. ब्युक्लर्क आणि लँग्टन नावाचे त्याचे दोन तरुण दोस्त रात्री तीनपर्यंत खाणंपिणं करून बसलेले, त्यांना वाटलं चला म्हाताऱ्याला उठवू, आणि जाऊन दार धडाधडा वाजवलं. जॉन्सनला वाटलं गुंड आले. तो नुसत्या शर्टवर, डोक्यावर काळा छोटा विग, हातात शेगडीतली सळई, असा मारायच्या तयारीनं खाली आला, आणि बघतो तर ही दोघं. ओळख पटल्यावर काय म्हणाला असेल, तर अरे कुत्र्यांनो तुम्ही होय, चला, मीही येतो फ्रिस्क करायला. मग ते तिघं कॉव्हेंट गार्डनच्या भाजीबाजारात गेले, तिथे नुकत्या टोपल्या उतरत होत्या, जॉन्सन मदत करायला गेला पण भाजीवाले त्याचा अवतार बघूनच चरकले, मग एका टॅव्हर्नमध्ये प्यायले, मग होडी करून बिलिंग्जगेटला. नंतर नट गॅरिक जॉन्सनला म्हणाला, तुझं परवाचं फ्रॉलिक ऐकलं हो, आता पेपरात छापून येणार तुझं.

एकाच रात्रीला जॉन्सन फ्रिस्क म्हणतो आणि गॅरिक फ्रॉलिक. दोन्ही नाम म्हणून वापरलेत. दोघांमध्ये फरक बारीक आहे, फ्रिस्कमध्ये अंगाची चपळाई आहे आणि फ्रॉलिकमध्ये मनाची खुशी. फ्रॉलिक आलाय डच भाषेतून, तिथे त्याचा अर्थ नुसता आनंदी असा आहे, डच लोक ख्रिसमसच्या शुभेच्छा देतात त्यात आजही तोच शब्द असतो. त्यामुळे बीचवर भिजत बसलेली, एकमेकांवर वाळू उडवणारी मंडळी फ्रॉलिक करतायत असं म्हणता येतं, फ्रिस्क म्हणायला मात्र उड्या पाहिजेत.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): पिझ्झावर हिरवे आंबट दाणे असतात ते केपर. आणि मुलाच्या पुस्तकात "ही केपर्ड अराउंड द रूम" असं आलं. हे एकच का? तसंच गँबल म्हणजे जुगार ना, मग लॅम्ब्स गँबल कसे करतात?

उत्तर: दोन्हीकडे नुसती नावं जुळलीत, नातं काही नाही. पिझ्झावरचं केपर म्हणजे एका झुडपाच्या न उमललेल्या कळ्या, मिठात नाहीतर व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या, ते नाव ग्रीकमधून आलंय. उड्या मारणारं केपर आलं इटालियनमधल्या उडीच्या शब्दावरून आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधली बकरी आहे, मकर राशीला इंग्रजीत कॅप्रिकॉर्न म्हणतात त्यातही तीच. आणि आता खरी गंमत. ह्याच बकरीच्या उडीवरून फ्रान्समध्ये एका हलक्या, दोन चाकी घोडागाडीचं नाव पडलं कॅब्रिओले, कारण ती रस्त्यावर उड्या मारत जायची. लंडनमध्ये तिचं झालं कॅब. म्हणजे तुम्ही रोज ॲपवर जी बुक करता ती. पावसाळ्यात घोडबंदर रोडवरून गायमुखपर्यंत जाताना पाठ धरून बसलेल्या माणसाला कॅबचा मूळ अर्थ वेगळा समजवायला लागू नये.

गँबलचं थोडक्यात. उच्चार एकच, स्पेलिंग वेगळं. जुगाराचं एलई वर संपतं आणि गेम ह्या शब्दाच्या नात्यातलं आहे, कोकराचं ओएल वर संपतं आणि इटालियन गांबा म्हणजे पाय, त्यावरून. पाय झाडत उड्या मारणं. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये भूतकाळ करताना दोन एल, अमेरिकन एक. बोलताना मात्र हा शब्द टाळलेला बरा, ऐकणाऱ्याला जुगारच ऐकू येतो.

प्रश्न (नेरूळ): मी लहान मुलांच्या गोष्टी मराठीत आणते. फ्रिस्क, रॉम्प, प्रान्स, स्कँपर, सगळ्याला माझ्याकडून "उड्या मारल्या" नाहीतर "इकडे तिकडे पळाला" असंच होतं. मराठीत शब्दच कमी आहेत का?

उत्तर: अहो ताई, कमी कसले, उलट आपल्याकडे इतके आहेत की आपणच वापरेनासे झालोय. फ्रिस्कला बागडणे, तो घणसोलीचा निकाल वर दिलाच आहे. फुलपाखरू बागडतं, कोकरू बागडतं, तीन वर्षांचं पोर बागडतं, पण बागडणाऱ्याला कोणी ओरडत नाही हे बघा. रॉम्प आला की हुंदडणे घ्या, कारण त्यात आरडाओरडा आहे, आपटाआपटी आहे, आणि "किती वेळ हुंदडताय, या आता घरात" असं म्हणणारी आईही त्यातच आहे. बाळाचा रॉम्पर आणता ना दुकानातून, तोही ह्याच रॉम्पवरून, खेळताना लोळताना अडकू नये म्हणून शिवलेला कपडा. क्रिकेटच्या बातमीत रॉम्प टू व्हिक्टरी आलं तर मात्र हुंदडू नका, तिथे हसत खेळत जिंकले.

स्कँपर म्हणजे छोट्या पायांनी घाईघाईत पळणं, खार, उंदीर, सरडा. तुरुतुरु पळाली म्हटलं की झालं. पोर नुकतं चालायला लागलेलं असेल तर दुडुदुडु, ते स्कँपरपेक्षा टॉडलच्या जवळ जातं पण गोष्टीत चालतं. आपल्या भाषेची खरी ताकद ह्या जोडशब्दांत आहे, क्रियापद तेच धावणं आणि त्याच्या आधी तुरुतुरु, लगालगा, सुसाट, धूम, ठुमकत, टणाटण असं काय पाहिजे ते लावा. इंग्रजीला दर वेळी नवीन क्रियापद लागतं, आपल्याला लागत नाही, म्हणून शब्द कमी वाटतात एवढंच.

प्रान्स जरा अवघड. तो घोड्याचा शब्द, पाय उंच उचलत, मान ताठ ठेवून नाचल्यासारखं चालणं, वरातीतली किंवा जत्रेतली नाचरी घोडी बघितली असेल तर तेच. घोडी असेल तिथे "नाचत, ऐटीत" लिहा. माणूस प्रान्स करत असेल तर तोरा आला, तिथे मिरवणे, मुरडत जाणे. थयथयाट अजिबात नको, मूळ नाचातला शब्द असला तरी आता तो रागातच वापरतात, तुमची घोडी चिडलीय असं पोरांना वाटेल.

आणि उंडारणे जपून ठेवा, त्याला इंग्रजीत अजून नेमका जोड मिळालेला नाही. अभ्यास सोडून, घरच्यांना न सांगता, सागर विहारला संध्याकाळभर जो काही वेळ काढला जातो तो उंडारणे. कुठल्या इंग्रजी गोष्टीत तसा मुलगा भेटला तर मूळ शब्द काहीही असो, बिनधास्त लावून टाका.